बाह्यकोन मुंबईला असतो

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हे नववीत येणाऱ्या प्रत्येक पोराला आधीच पाठ असतं. शिकवणाऱ्याची पंचाईत तिथूनच सुरू होते. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याला काहीतरी शिकवता येतं. ज्याला ठाऊक आहे तो फक्त जुळवून आणतो.

आमची शाळा कोकणातली, छप्पर पत्र्याचं. समांतर रेषांचा धडा संपून त्रिकोणावर यायला आणि पाऊस भरात यायला एकच गाठ पडते. पत्र्यावर असा ताशा वाजत असतो की मागच्या बाकांपर्यंत माझं निम्मंच बोलणं पोचतं. ‘लघुकोन’ म्हटलं की मागून तीनचार करंगळ्या वर होतात. ‘विशालकोन’ म्हटलं की विशाल नावाचा मुलगा उभा राहतो आणि काही विचारायच्या आत “सर, मी नाही” म्हणून मोकळा होतो.

तरीही प्रमेय नुसतं सांगायचं नाही, मुलांना ते ‘शोधू द्यायचं’, असं प्रशिक्षणात सांगितलेलं. म्हणून मी दरवर्षी फर्मान काढतो, “प्रत्येकाने एक त्रिकोण काढा. तिन्ही कोन मोजा. बेरीज करा.” एवढं ऐकलं की वर्गात कंपासपेट्या उघडल्याचा खडखडाट होतो आणि पुढची दहा मिनिटं भूमिती सोडून सगळं काही घडतं.

कंपासपेटीत भूमितीला फार थोडी जागा असते. झाकणाच्या आतल्या बाजूला गणपतीचा फोटो चिकटवलेला, त्याखाली एसटीचा पास, मग आवळासुपारीची पुडी, दोन चिंचोके आणि खोडरबराचा एक तुकडा. त्याच्यावर कर्कटकाच्या टोकाने मालकाचं नाव कोरलेलं असतं, तेही मागच्या मालकाचं. कर्कटकात पेन्सिल नसते, कारण ती इतकी झिजलेली असते की अडकवायला काही उरत नाही. दोन गुण्ये मात्र नवेकोरे असतात. त्यांचं करायचं काय, हे मुलांना माहीत नसतं. पेटीबरोबर आले म्हणून आहेर सांभाळावा तसे सांभाळलेले. कोनमापक असलंच तर ४० ते ७० मधले आकडे पुसलेले. नेमके तेच आमच्या उपयोगाचे.

“सर, माझी बेरीज ३०० आली.”

मी जाऊन बघतो. “कोनमापक उलटं वाचलंस. हे दोन्ही कोन १२० नव्हेत, ६०.”

“मग इथे १२० कशाला लिहिलंय?”

“दुसऱ्या बाजूने मोजणाऱ्यांसाठी.”

“मी दुसऱ्याच बाजूला बसलोय, सर.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नसतं. मी पुढच्या बाकाकडे सरकतो. तिथे १७४, पलीकडे १८३, त्याच्यामागे १८६. त्या १८६ वालीने रेघा एवढ्या जाड काढलेल्या असतात की कोनाची भुजा आतल्या कडेपासून धरायची की बाहेरच्या, हा वेगळाच वाद होऊ शकतो. तरी ह्या मुलांबद्दल मला मनातून आदर वाटतो. ही मंडळी खरोखर मोजणारी आहेत. आणि वर्गात मान खाली घालून बसलेली असतात तीही हीच.

एकाचं मात्र बरोबर १८० येतं. मी कौतुकाने वही उचलतो. ५२, ७१, ५७.

“शाब्बास! कसं मोजलंस?”

“दोन मोजले, सर. तिसरा १८० मधून वजा केला.”

“अरे, पण १८० येतात का, हेच तर बघायचं होतं!”

“मग आले ना?”

विद्या दिल्याने वाढते म्हणतात. ही विद्या एका रात्रीत वाढली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाच्या बेरजा १८०. पत्र्यावर पाऊस, खाली प्रकाश असा की फळ्यावरचा खडू दिसत नाही, आणि तेवढ्यात एकूण एक मुलाचं माप अंशाला अंश बरोबर. एकाच मुलीची बेरीज १७९.

“एक अंश कमी का गं?”

“सगळ्यांचेच १८० आले तर तुम्हाला संशय येईल म्हणून, सर.”

ही मुलगी पुढे लेखापरीक्षणात नाव काढील.

मी हे सगळं स्टाफरूममध्ये संतापून सांगितलं. ऐकणारे माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत राहिले. आमच्याकडे पोषण आहाराचा तांदूळ सांभाळणारे सहकारी शिल्लकीच्या रकान्यात हात घालून बसले होते. आलेला तांदूळ माहीत, शिजलेला वहीत, उरलेला वजा करून. पोत्यात खरोखर किती आहे हे फक्त उंदरांना ठाऊक. क्रीडाशिक्षक पटावरून गैरहजर वजा करून हजेरी काढत होते. गैरहजर कोण, हे हजर मुलांना विचारून. आणि माझं स्वतःचं पाठटाचण? ते मी महिनाअखेरीस, काय काय शिकवून झालं ते आठवून, मागच्या तारखा टाकून लिहीत होतो. तेव्हा मी विषय बदलला आणि चहा मागवला.

ह्या वजाबाकीला थोर परंपरा आहे, हे मला पुढे वाचताना कळलं आणि जरा बरं वाटलं. १८०२ साली लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला काढला. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्धा टन वजनाचं होतं. आमच्या कोनमापकाला दप्तरात सरळ राहवत नाही, आणि ह्याने ते धूड डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर चढवलं. १८०८ मध्ये तंजावरला देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटलं. तंजावरात तेव्हा आपलेच सरफोजी राजे. वर काय चाललंय असं त्यांनी निश्चित विचारलं असणार. लॅम्बटनने ते यंत्र कित्येक आठवडे खपून स्वतः दुरुस्त केलं. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की एवढं करून, तिन्ही कोन मोजून, पृथ्वीच्या गोलाईमुळे बेरीज १८० च्या काही सेकंद वर जाते तेवढी सूटही धरून, तरी जो फरक उरे तो ह्या सर्वेक्षणात तिन्ही कोनांत वाटून टाकत. जाहीरपणे. वहीत लिहून.

मी हे वर्गात रंगवून सांगितलं. शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

“सर, त्यांना ह्या कामाचा पगार मिळायचा?”

“अर्थात.”

“आणि आमच्या वहीवर फुली?”

गोलाईचा उल्लेख मी करायला नको होता. १७९ वाली मुलगी भूगोलाच्या बाईंकडून पृथ्वीगोल घेऊन आली. उत्तर ध्रुवावरून एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन रेखावृत्तांवरून खाली विषुववृत्तापर्यंत यायचं; तिथेही दोन्हीकडे काटकोनच. तीन काटकोन, बेरीज २७०. मी म्हटलं, “हो, गोलावर असं होतं. आपला त्रिकोण सपाट कागदावरचा.” एवढ्यात ३०० वाला उठला. “सर, माझा गोलावरचा होता.” खोटं पाडायला जावं तर गोलावर ३०० ची बेरीज येऊ शकते. त्याला मी खाली बसवला. गणिताने माझी साथ सोडली होती म्हणून आवाज चढवून बसवला.

मग सिद्धता. फळ्यावर मी म्हणतो, “कोणताही एक त्रिकोण घेऊ,” आणि माझा हात नेमका तोच काढतो: पाया आडवा, शेंडा मधोमध, तिन्ही बाजू दिसायला सारख्या, वर ए, खाली बी आणि सी. त्रिकोणांच्या जातीत एवढा नमुनेदार त्रिकोण लाखात एखादा सापडायचा, पण ‘कोणताही’ म्हटलं की तोच येतो. एकदा ठरवून तिरका, विशालकोनी काढला. मुलं म्हणाली, “सर, हा पडलाय.” उलटा काढला तर मागून खसखस पिकली. “आरोग्य केंद्रावरचा!” कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाने एवढी वर्षं भिंतींवर राहून लोकांच्या मनावर काय बिंबवलं ते सरकारला माहीत, भूमितीत उलटा त्रिकोण काढायची सोय मात्र ठेवली नाही. आणि शिरोबिंदूंची नावं बदलून पी, क्यू, आर केली की पहिल्या बाकावरचे हुशारही कावरेबावरे होतात. “सर, ते तर एबीसीचं सिद्ध झालं होतं.”

ए मधून बीसीला समांतर रेषा काढायची, व्युत्क्रम कोन दाखवायचे, सिद्धता संपली. चार ओळी. पण त्या समांतर रेषेशी गाडी अडते.

“ही रेषा कुठून आली, सर?”

“आपण काढली.”

“पण गणितात दिलेली नव्हती.”

“म्हणूनच त्याला रचना म्हणतात.”

“मग परीक्षेत आम्हीपण काहीही काढायचं?”

काढतात. एकाने एकदा त्रिकोणाच्या आत आणखी दोन त्रिकोण काढून खाली लिहिलं, ‘रचना’, आणि पुढे लगेच ‘म्हणून सिद्ध झाले’. मध्ये काही नाही. काही वाचकांना हे भाबडेपण वाटेल. मी नेत्यांची भाषणं ऐकतो, मला तसं वाटत नाही.

“हे तर दिसतंय, सर, सिद्ध कशाला करायचं?” हा प्रश्न आमच्या वर्गातला असला तरी आमचा नव्हे. युक्लिडच्या पहिल्याच पुस्तकात विसावं विधान आहे: त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या. एपिक्युरसच्या पंथातले लोक त्यावर हसायचे, असं प्रॉक्लस लिहून गेला आहे. त्यांचं म्हणणं, हे गाढवालाही कळतं. चारा समोर ठेवा, गाढव वळसा घालून जात नाही, सरळ जातं. उलट त्याच पुस्तकातल्या पाचव्या विधानाला, म्हणजे समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात ह्याला, युरोपातल्या शाळांनी पुढे गाढवांचा पूल असं नाव ठेवलं. इथून पुढे गाढवं जात नाहीत म्हणून. म्हणजे एकाच पुस्तकात एक गाढव सगळं जाणणारं आणि एक काहीच न जाणणारं. आपला त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेचा सिद्धांत त्यात बत्तिसावा. तिथपर्यंत पोचेस्तोवर गाढव फक्त शिकवणारा उरतो. आमच्या शाळेला भक्कम लोखंडी फाटक आहे आणि कुंपणाला एक भगदाड. विसावं विधान न शिकता सगळी शाळा भगदाडातून येते, हेडसरांसकट.

पण माझी खरी फजिती बाह्यकोनाने केली.

प्रमेय साधं आहे. त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवा. बाहेर जो कोन होतो तो आतल्या दोन लांबच्या कोनांच्या बेरजेएवढा. पुस्तकात त्यांना दूरस्थ आंतरकोन म्हणतात. मुलं मात्र बाह्यकोन आणि त्याच्या शेजारचा कोन ह्यांतच बरोबरी लावून मोकळी होतात. प्रशिक्षणात एक गृहस्थ म्हणाले होते, “मुलांच्या परिसरातलं उदाहरण द्या, जन्मात विसरणार नाहीत.” मी परिसराकडे पाहिलं. प्रत्येक घराला मुंबईला एक काका होता.

“हे बघा,” मी म्हटलं, “त्रिकोण म्हणजे आपलं घर. ए म्हणजे आजी, बी म्हणजे आई, सी म्हणजे बाबा. आता बीसी ही बाजू मुंबईपर्यंत वाढवली. बाहेर जो कोन झाला तो तुमचा चाकरमानी काका. हा बाह्यकोन. बाबा आणि काका शेजारचे कोन, दोघे मिळून १८०. पण काका बरोबर किती? आजी अधिक आई!”

वर्ग पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होता. मी खूष झालो.

“सर, आमची आजी एकटीच सगळ्यांना भारी आहे.”

“सर, आमचे दोन काका मुंबईला आहेत.”

“एका शिरोबिंदूशी दोन बाह्यकोन होतात. दोघे समान असतात.”

“समान नाहीत, सर. ते दोघं बोलत नाहीत.”

“सर, काका रिटायर होऊन गावी आले तर?”

ह्या शेवटच्या प्रश्नाला युक्लिडकडे उत्तर नाही, आणि गावातही अजून कुणाला सापडलेलं नाही.

ह्याच आठवड्यात साहेब वर्ग बघायला आले. त्यांना कृती हवी होती. मी कागदी त्रिकोण वाटले. कोपरे फाडायचे, एका बिंदूशी शेजारी शेजारी मांडायचे, सरळ रेषा होते. ही कृती पुस्तकात फार गोड दिसते. प्रत्यक्षात मुलं कोपरे फाडतात आणि हातात जे तीन तुकडे येतात त्या प्रत्येकाला तीन-तीन कोपरे असतात. खरा कोणता आणि फाडल्याने झालेला कोणता, ते त्या तुकड्यालाही सांगता येत नाही. आधी रंग देऊन ठेवले तरच धडगत. रंग द्यायला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं तोवर फाडून झालं होतं, आणि कुणीतरी साहेबांना उकडतंय म्हणून पंखा पाचावर केला.

कागदाच्या वावटळीतून साहेबांनी स्वतः तीन तुकडे पकडले आणि टेबलावर मांडले.

“आली की सरळ रेषा!”

“साहेब, त्यातला एक दुसऱ्यावर चढलाय.”

“एवढं चालतं हो.”

“साहेब, हा तिसरा तुकडा दुसऱ्याच मुलाच्या त्रिकोणाचा आहे,” १७९ वाली म्हणाली.

साहेबांनी तिचं नाव विचारलं आणि शेरेपुस्तक मागवलं. शेरा असा: ‘अध्यापन कृतियुक्त. निष्पत्ती समाधानकारक. वर्गात कागदाचा कचरा आढळला.’

मग घटक चाचणी झाली. ‘बाह्यकोन म्हणजे काय? त्याचे प्रमेय लिहा,’ असा प्रश्न होता. मुलं विसरली नव्हती. ते प्रशिक्षणातले गृहस्थ खोटं बोलले नव्हते. ‘बाह्यकोन मुंबईला असतो. तो आजी आणि आई ह्यांच्या बेरजेइतका असतो. तो गणपतीला येतो.’ दुसऱ्याने आकृती काढून बाणासमोर लिहिलं होतं: ‘डोंबिवली’. एकाने सिद्धताही दिली होती: ‘बाबा अधिक काका बरोबर १८०. बाबा अधिक आई अधिक आजी बरोबर १८०. बाबा दोन्हीकडे आहेत म्हणून बाबा काढून टाकले. म्हणून काका बरोबर आई अधिक आजी.’ मी ती तीनदा वाचली. एक अक्षर चूक नव्हतं. पूर्ण गुण दिले आणि वही हेडसरांच्या दृष्टीस पडू नये म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी घातली.

हेडसरांच्या नाही, पण घरच्यांच्या दृष्टीस पडली. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी पायजमा-बनियनवर मी नेवऱ्या खात बसलो होतो, तर दारात एक गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात पेपराची सुरळी.

“सर, नमस्कार. मी बाह्यकोन.”

मी नेवरी खाली ठेवली. “या, बसा. अहो, ते मुलांना समजावं म्हणून...”

“नाही, नाही, रागावलो नाही. उलट आनंद झाला. पुतण्याने सगळं समजावलं. मी आणि थोरला भाऊ मिळून १८०, बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे एकाचा वाढला की दुसऱ्याचा कमी होतो.”

“अगदी बरोबर समजलात.”

“तो वाढतोच आहे, सर. गेल्या साली पडवी त्याने घेतली. औंदा विहिरीपर्यंत आलाय.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “पण प्रमेयात मी दोघांएवढा आहे. आई अधिक वहिनी. हे सिद्ध झालंय ना? म्हणजे कुणाला मोडता घालता येणार नाही?”

“गेली दोन हजार वर्षं तरी कुणी घातलेला नाही.”

“मग एवढं शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या. खाली शिक्का मारा. वाटणीचा कागद उद्या तलाठ्याकडे नेतोय.”

“अहो, ही भूमिती आहे. तलाठी कसं मानेल?”

“आकृती असली की मानतो तो.” त्यांनी सुरळीतून कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला, खिशातली पेन्सिल काढून दिली आणि आवाज खाली आणला. “फक्त बीसीची बाजू वाढवाल ती जरा लांबवर वाढवा, सर. माड तिकडे आहेत.”